जिभाऊंचं पाण्यावरचं इंजिन आणि हायड्रोजनची अडत

(पारोळ्याला उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलंय, खोकला आणि माइकची कुरकुर तेवढी काढून टाकलीय.)

नमस्कार मंडळी. बसा बसा. मागचे लोक पुढं या, पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी ठेवल्यात म्हणे, पण पाहुणा मीच आहे आणि मी उभा आहे. या, या. पंख्याखाली या, बाहेर चव्वेचाळीस आहे आणि आत तुम्ही माझ्यासाठी आलात का पंख्यासाठी ते मी विचारणार नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘हायड्रोजन : उद्याचं इंधन’. मी फोनवर संयोजकांना दोनदा सांगितलं होतं की शेवटी प्रश्नचिन्ह टाका. प्रेसवाल्यानं टाकलं नाही. तर आजचं सगळं भाषण त्या न छापलेल्या प्रश्नचिन्हावर आहे असं समजा. मी तीन गोष्टी सांगणार आहे, हायड्रोजन येतो कुठून, त्याचा खरा उपयोग कुठं, आणि आपण खान्देशातल्या लोकांनी त्याच्याकडं कसं बघायचं. मला एक तास दिलाय. एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवली, पंचेचाळीस मिनिटांच्या पिरियडची सवय आहे, त्यातली दहा मिनिटं हजेरीत जायची, त्यामुळं एक तास म्हणजे मला फार झाला. (हे वाक्य लक्षात ठेवा, नंतर मलाच ऐकवाल.)

आता हायड्रोजन हे नाव ऐकलं की लोकांना वाटतं काहीतरी जपान-जर्मनीचं आहे. तुमची-माझी त्याच्याशी जुनी ओळख आहे हो. सारंगखेड्याच्या यात्रेला कोण कोण गेलंय? सगळेच गेलेत. घोडे बघायला गेलो असं घरी सांगायचं आणि पाळण्यात बसून यायचं. तिथला फुगेवाला आठवा. त्याच्याकडं एक लोखंडी नळकांडं असायचं, त्यात तो कॉस्टिक सोडा टाकायचा, पाणी टाकायचा, भंगारातल्या ॲल्युमिनियमचे तुकडे टाकायचा आणि झाकण आवळायचा. आत जो गॅस तयार व्हायचा तो हायड्रोजन. नळकांडं इतकं तापायचं की तो वरून ओलं पोतं टाकायचा. ना दाब मोजायचा काटा, ना काही. आणि दोरीला बांधून आपण जो फुगा आणायचो तो हवेपेक्षा चौदा पट हलका गॅस. माझा फुगा एकदा काकाच्या बिडीला लागला, नुसता भप्प झाला, काकाच्या भुवया गेल्या, दत्तजयंतीपासून संक्रांतीपर्यंत काका घराबाहेर पडला नाही. हसू नका, ते नळकांडं फुटून माणसं मेल्याच्या बातम्या अजून येतात, मुलांना त्याच्याजवळ उभं राहू देऊ नका, हे मी खरंच गंभीरपणे सांगतोय.

आणि दुसरं, डालडा. आपल्या माजघरातला पिवळा डबा. द्रवरूप तेलात निकेलच्या साक्षीनं हायड्रोजन सोडला की ते तेल थिजतं. म्हणजे आपल्या पिढीनं लग्नाच्या पंगतीत बुंदीबरोबर हायड्रोजन खाल्लाय. तिसरं तर आणखी जवळचं आहे. इथून भुसावळकडं गेलं की दीपनगरच्या चिमण्या दिसतात. ते कोळशावरचं वीजकेंद्र. पण तिथले जे मोठे जनरेटर आहेत ना, २१० मेगावॅट, ५०० मेगावॅटचे, ते फिरताना प्रचंड तापतात, आणि त्यांना गार ठेवायला आत हवा नसते, हायड्रोजन असतो. हलका असल्यानं फिरणाऱ्या रोटरला अडवत नाही आणि उष्णता झटकन ओढून नेतो. म्हणजे कोळशाच्या पोटात हायड्रोजन बसलाय. हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसायचा नाही, मग त्यातलाच एक तिथं नोकरीला लागला आणि त्यानं फोन करून सांगितलं, सर तुम्ही बरोबर होते. निकालानंतर बारा वर्षांनी मार्क मिळाले मला.

बरं. मुद्द्यावर येतो. मुद्द्यावर यायचं तर आधी जिभाऊंची गोष्ट सांगावी लागेल, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. जिभाऊ म्हणजे माझे वडील.

बोरीकाठी आमचं शेत. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, कारण लाइट यायची ती रात्री, आणि रात्री पाणी भरायला गेलं की साप. साधारण २००९ ची गोष्ट. डिझेल तेव्हा पस्तिशीच्या आसपास होतं आणि लोक त्यालाही महाग म्हणत होते, आज तो भाव सांगितला की डोळ्यांत पाणी येतं. एका शनिवारी मी घरी गेलो तर ओट्यावर पंधरावीस माणसं आणि मधोमध सफारी घातलेला एक माणूस. नाव-गाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, त्यानं दिलेल्या कार्डावरचा नंबर चौथ्या आठवड्यात बंद झाला होता. त्याच्यासमोर ॲक्रिलिकची एक बरणी, लोणच्याच्या बरणीएवढी, तिच्यात स्टीलच्या सातआठ पट्ट्या, एक लाल वायर, एक काळी वायर, आणि वरून फिशटँकला असते तसली बारीक नळी. बरणीत पाणी, पाण्यात त्यानं एका पुडीतलं पोटॅश टाकलं, बॅटरी जोडली. पाणी दुधासारखं झालं, बुडबुडेच बुडबुडे. नळीचं टोक त्यानं साबणाच्या पाण्यात धरलं, फेस आला, फेसाला लायटर लावला. फटाक! ओट्यावरचं कुत्रं पळालं ते संध्याकाळी आलं.

मग तो म्हणाला, आणि काय बोलायचा हो तो, मी एकतीस वर्षांत असा लेक्चर दिला नसेल. म्हणाला, बाबा, पाण्यात काय असतं? हायड्रोजन. हायड्रोजन जळतो का? तुम्ही आत्ता बघितला. मग तुमच्या विहिरीत काय आहे? विहिरीत पेट्रोल आहे बाबा, तुम्ही ते कपाशीला पाजताय! सगळा ओटा माझ्याकडं बघायला लागला, कारण गावात केमिस्ट्रीचा मास्तर मी. आणि मला ते सोप्या भाषेत खोडताच येईना. मी आपला बाँड एनर्जी, एन्डोथर्मिक असलं काहीतरी बडबडलो. जिभाऊ म्हणाले, ‘तुले काय समजस रे इंजनमधलं?’ झालं. पंधरावीस माणसांसमोर माझी डिग्री गेली.

तेवढ्यात माय चहा घेऊन बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलेलं. मी तिला नुसतं म्हणालो, माय, हायड्रोजन जळला की त्याचं पाणी होतं, म्हणजे पाणी ही त्याची राख आहे. ती कपबशा ठेवता ठेवता म्हणाली, ‘राख पेटस का कधी?’

मंडळी, हे चार शब्द. मी नंतर दरवर्षी अकरावीच्या वर्गात सांगितले. चुलीतली राख परत लाकूड करायची असेल तर लाकूड जळताना जेवढी ऊर्जा निघाली तेवढी तरी परत आत घालावी लागेल, वरून नुकसान वेगळं. पाण्याचं तसंच आहे. पाणी हा जळून बसलेला हायड्रोजन. त्याला परत उठवायला वीज मोजावी लागते. सफारीवाला क्षणभर गप्प झाला, पण तो कसलेला, म्हणाला, ‘मावशी, चहा फर्स्टक्लास आहे.’ आणि जिभाऊंनी त्या बरणीच्या किटचे अकरा हजार मोजले. मायचं ऐकायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

आता पुढचं ऐका, कारण विज्ञान इथं आहे. जिभाऊ अडाणी नव्हते बरं का, सातवी पास, आणि हिशोबाला फार पक्के. मजुरीची जी वही असायची तिच्यात त्यांनी प्रयोग लिहून ठेवलाय, ती वही माझ्याकडं आहे, आज आणणार होतो, सूनबाईनं आवराआवरी केली, सापडली नाही. पण आकडे पाठ आहेत. एक लिटरची बाटली, तिच्यातूनच इंजिनला डिझेल. किट नसताना एका लिटरवर इंजिन चाललं ५६ मिनिटं. किट लावून, बॅटरी जोडून, ५८ मिनिटं. जिभाऊ खूश. मला मिसकॉल. (तेव्हा आनंद मिसकॉलनंच कळवायचे.) मी म्हणालो, दोन मिनिटं तर बाटलीच्या रेघेत सुद्धा जातात, बॅटरी बघा. तिसऱ्या दिवशी बॅटरी उतरली. गावात चार्जिंगला चाळीस रुपये. म्हणजे दोन मिनिटांच्या डिझेलसाठी चाळीस रुपयांची लाइट. सफारीवाल्याला फोन लावला, तो म्हणाला, अहो बाबा, बॅटरी विकत कशाला भरता, इंजिनच्या फ्लायव्हीलवर पट्टा टाकून डायनामो बसवा, इंजिनच बॅटरी भरेल, बॅटरी गॅस करेल, गॅस इंजिन चालवेल, तुम्ही नुसते खाटेवर पडा! डायनामोचे अठराशे वेगळे. बसवला. बाटली लावली. ५१ मिनिटं.

५६ चे ५१. किट काढून टाकलं असतं तर पाच मिनिटं जास्त चाललं असतं. जिभाऊंनी तो आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि त्या दिवशी संध्याकाळी ते जे बोलले ते मी कुठल्या थर्मोडायनामिक्सच्या पुस्तकात इतकं नेमकं वाचलेलं नाही. म्हणाले, ‘हाऊ तर बाजार समितीना धंदा शे.’

कळलं का? बघा. तुम्ही वांगी नेली मार्केटला. अडत गेली, हमाली गेली, तोलाई गेली, हातात काय आलं ते आलं. (भाजीपाल्याची अडत २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम झालाय, मला माहितीय, समोर हसताहेत त्यांनाही माहितीय.) आता समजा तीच वांगी तुम्ही संध्याकाळी परत विकत घेतली, उद्या परत विकली, परत घेतली. चार दिवसांत वांगी तुमचीच, पैसे सगळे अडत्याचे. ऊर्जेचं अगदी असंच आहे. दर वेळी तिचं रूप बदललं की निसर्ग अडत कापतो. डिझेलची हालचाल, अडत. हालचालीची वीज, अडत. विजेचा हायड्रोजन, अडत. हायड्रोजनची परत हालचाल, सगळ्यात मोठी अडत. आणि हा अडत्या कधी संप करत नाही, त्याला सरकार बदललं तरी फरक पडत नाही.

असो, जिभाऊ गेले त्याला सहा वर्षं झाली. त्या किटवरून मी त्यांना एकदाही बोललो नाही, कारण त्याच वर्षी मी शेअर बाजारात जे केलं ते त्यांनी मला कधी विचारलं नाही.

पण राग कशाचा येतो सांगू का? ही अशी किटं आजही विकली जातात. मोबाईल उघडा, पाण्यावर चालणारी बाइक, पाण्यावर चालणारा ट्रॅक्टर, महिन्याला एक तरी व्हिडिओ मला फॅमिली ग्रुपवर येतो, पाठवणाऱ्यांत माझे बीएस्सी झालेले विद्यार्थी असतात! खाली लिहिलेलं असतं, ‘हे तंत्रज्ञान पेट्रोल कंपन्यांनी दाबून टाकलं.’ अरे कंपन्यांनी नाही, मायनं दाबून टाकलं, चहाच्या ट्रेसकट. आणि ही सवय असल्यामुळं होतं काय, की खरा हायड्रोजनचा कार्यक्रम सरकारनं जाहीर केला तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं तेच पाण्यावरचं इंजिन आलं, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटलं ही पण फसवणूक. दोन्ही चूक. यातलं खरं काय ते सांगायलाच मी... काय? चिठ्ठी आलीय. ‘सर, १५ मि.’ पंधरा मिनिटं उरली का पंधरा मिनिटं जास्त झाली? उरली. बरं. अरे देवा. तीनपैकी एकही गोष्ट सुरू झाली नाही. आता जरा भरभर घेतो, कोणी टिपून घेत असेल तर घ्या.

पहिलं, येतो कुठून. जगात वर्षाला साधारण साडेनऊ-दहा कोटी टन हायड्रोजन वापरला जातो, आणि तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू, कोळसा आणि तेलापासून काढलेला. पाण्यापासून, स्वच्छ विजेवर केलेला एक टक्कासुद्धा नाही. वायूपासून एक किलो हायड्रोजन काढला की नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड आकाशात. याला करडा म्हणतात, त्याच कारखान्यात धूर पकडून जमिनीत पुरला तर निळा, आणि सौर किंवा पवन विजेवर पाणी फोडून केला तर हिरवा. रंग सगळे कागदावर, गॅसला रंगच नाही. आपल्या सरकारनं २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्याख्या ठरवली, किलोमागं दोन किलोच्या आत कार्बन डायऑक्साइड असेल तरच हिरवा म्हणायचा. त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं, १९,७४४ कोटी रुपये, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन करायचा, त्यासाठी सुमारे १२५ गिगावॅट नवीन स्वच्छ वीज उभी करायची.

आता जिभाऊंची वही लावा याला. एक किलो हायड्रोजन करायला कारखान्यात ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोत ऊर्जा किती? ३३ युनिट, म्हणजे सव्वातीन लिटर डिझेलएवढी. पहिली अडत इथंच गेली. मग तो दाबून भरा, वाहून न्या, गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये त्याची परत वीज करा. सौर पॅनेलवरची १०० युनिट निघाली असतील तर चाकापर्यंत पोचतात तीसेक. तीच १०० युनिट सरळ बॅटरीत भरून इलेक्ट्रिक गाडी चालवली तर पंचाहत्तर-ऐंशी पोचतात. कारसाठी, मोटारसायकलसाठी, रिक्षासाठी हा वाद संपला. कुठं संपला असं कोणी विचारलं तर सांगा, पारोळ्यात संपला.

आणि तो मावत नाही हो. आपल्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो ना, बारा हजार लिटरचा. साध्या दाबाला तो अख्खा टँकर हायड्रोजननं भरला तर आत किती? एक किलो. सव्वातीन लिटर डिझेलच्या कॅनसाठी अख्खा टँकर. म्हणून मग तो हवेच्या ७०० पट दाबानं भरायचा, नाहीतर शून्याखाली २५३ डिग्रीला नेऊन त्याचा द्रव करायचा, भुसावळच्या मे महिन्यात. घरच्या गॅस सिलिंडरच्या आकाराची टाकी घ्या, ७०० पट दाबानं हायड्रोजन भरा, तरी एलपीजीच्या पाव भागच ऊर्जा बसते. आणि तसली टाकी मी माझ्या स्वयंपाकघरात ठेवणार नाही, काकाच्या भुवया मला आठवतात. सुरतेजवळ कवासला, आपले निम्मे लोक सुरतेलाच आहेत, तिथल्या कॉलनीत २०२३ पासून पाइपच्या गॅसमध्ये हिरवा हायड्रोजन मिसळून चुली चालवल्या, आठ टक्क्यांपर्यंत. प्रयोग म्हणून चांगला आहे. पण हा आठ टक्के आकारमानाचा, ऊर्जेत धरला तर तीनाच्याही आत. चपाती तीच, बिल वेगळं.

टँकरचं उदाहरण आलंच आहे तर तेच पुढं चालवतो, म्हणजे दुसरी गोष्ट त्यातच उरकेल. हायड्रोजन ही विहीर नाही. जमिनीतून उपसला आणि वापरला असं कोळशा-तेलासारखं त्याचं आज तरी नाही. तो टँकर आहे, दुसरीकडची ऊर्जा वाहून आणणारा. आता टँकर कुठं लावतो आपण? जिथं पाइपलाइन जात नाही तिथं. नळाला पाणी असताना दारात टँकर बोलावणाऱ्याला आपण काय म्हणतो? (सभागृहातून उत्तर आलं, ते छापत नाही.) तर वीज ही पाइपलाइन. जिथं वायर पोचते तिथं वायर. म्हणून ती हायड्रोजनची रेल्वे, जींद-सोनीपत मार्गासाठी बनवली, तिचे फोटो सगळ्यांनी पुढं पाठवले, अभिमान मलाही आहे, आपल्या लोकांनी चेन्नईला डबे बनवले. पण आपल्या ब्रॉडगेजवर जवळजवळ सगळीकडं वायर आलेली असताना टँकर कशाला? जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्यानं जगात पहिल्यांदा २०१८ साली हायड्रोजनच्या गाडीतून प्रवासी नेले, आणि त्याच राज्यानं २०२३ मध्ये ठरवलं की पुढच्या गाड्या बॅटरीच्या घ्यायच्या, चालवायला स्वस्त पडतात म्हणून.

मग वायर कुठं पोचत नाही? पोलादाच्या भट्टीत. तिथं कोळसा नुसता जळायला नसतो, लोखंडाच्या दगडातला ऑक्सिजन ओढून घ्यायला असतो, ते काम वीज आज तरी करत नाही, हायड्रोजन करतो, आणि धुराऐवजी वाफ सोडतो. स्वीडनमध्ये २०२१ साली तसं पोलाद करून गिऱ्हाइकाला दिलं. मोठी जहाजं, महिनाभर समुद्रात, त्यांना बॅटरी पुरत नाही, तिथं हायड्रोजनपासून केलेलं अमोनिया किंवा मिथेनॉल. रिफायनरी. आणि सगळ्यात आधी, खत.

खतावर मी पाऊण तास बोलणार होतो. पाच मिनिटांत सांगतो. युरियाच्या गोणीसाठी जूनमध्ये रांगेत उभे राहता, दुकानदार वर लिंकिंगची बाटली गळ्यात मारतो, २६६ रुपये ५० पैशांची गोणी पाचशेला पडते, ती पंचेचाळीस किलोची गोणी. तिच्यात हायड्रोजन किती लागला असेल? साडेचार किलो. तो आज नैसर्गिक वायूतून येतो, वायू बराचसा परदेशातून येतो, आणि गोणी तुम्हाला त्या भावात मिळते कारण मागं सरकार सबसिडी भरतं. हाच साडेचार किलो सौर विजेवर करायचा तर साधारण २३५ युनिट. म्हणजे तुमची पाच एचपीची मोटर रोज आठ तास, आठ दिवस. एका गोणीत आठ दिवसांची मोटर आहे हे लक्षात ठेवा आणि मग ती कपाशीला फेकून द्या कशीही.

हे नवीन नाही. पंजाबात नांगलला १९६१ पासून भाक्राच्या विजेवर पाणी फोडून खताचा हायड्रोजन करायचे. पंडित नेहरूंच्या काळात हिरवा हायड्रोजन होता, फक्त त्याला रंग दिला नव्हता. पुढं विजेला दुसरी गिऱ्हाइकं मिळाली आणि वायू-तेल स्वस्त वाटलं. एक अडचण तेवढी आहे, युरियाच्या रेणूत कार्बन लागतो, आज तो त्याच वायूच्या धुरातून मिळतो, धूर बंद केला तर कार्बन दुसरीकडून आणावा लागेल. डीएपीला, म्हणजे आपल्या अठरा-सेहेचाळीसला, ही भानगड नाही, त्यातल्या नायट्रोजनसाठी नुसता अमोनिया पुरतो. म्हणूनच २०२५ मध्ये सेकीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या सौर ऊर्जा कंपनीनं, १३ खत कारखान्यांसाठी वर्षाला ७.२४ लाख टन हिरव्या अमोनियाचे लिलाव केले, भाव निघाले किलोला साधारण ५० ते ६५ रुपये. लोकांना वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. टँकर पहिल्यांदा योग्य दारात गेला.

तिसरी गोष्ट, आपण. दोन मिनिटं... हो हो, बघितली घंटी. साक्रीकडं पठारावर पवनचक्क्या, खाली सौर पॅनेल, ऊन तर आपल्याइतकं कोणाकडं नाही, तेव्हा लोक येणार, जमिनी मागणार, हायड्रोजनचा हब करतो म्हणणार. येऊ द्या. पण दोन प्रश्न विचारा. पहिला पाण्याचा. एक किलोला निव्वळ नऊ लिटर, शुद्ध करणं, गार करणं धरून त्याच्या दुप्पट धरा. देशाचे ५० लाख टन केले तरी तीन-सव्वातीन टीएमसी, गिरणा धरणात साडेअठरा मावतं. म्हणजे देशाला जड नाही. पण कारखाना देशात नसतो, कुठल्यातरी एका गावात असतो, आणि त्या गावाला फेब्रुवारीपासून खरा टँकर येत असेल तर?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, यासाठीच मी आज आलो होतो. वीज कुठली वापरणार? रात्री सौर नाही म्हणून साधी ग्रिडची वापरली तर आपल्या देशात युनिटमागं सरासरी सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड आहे, ५२ युनिटला गुणा, ३७ किलो झाला. करड्या हायड्रोजनचा दहा होता! हिरव्याच्या नावाखाली जवळजवळ चौपट काळा. आणि पूर्ण सौर वापरली तरी हिशोब करा. त्या ५२ युनिटांनी हायड्रोजन केला तर करड्याचे दहा किलो वाचतात. तीच ५२ युनिट सरळ गावांना दिली आणि दीपनगरला तेवढा कोळसा कमी जाळला तर वाचतात पन्नासच्या आसपास. दहा आणि पन्नास. म्हणून माझं म्हणणं, जोपर्यंत चिमणी चालू आहे तोपर्यंत स्वच्छ विजेचं पहिलं गिऱ्हाईक चिमणी बंद करणं. हायड्रोजनला आधी दुपारची जास्तीची सौर वीज द्या, जी ग्रिडमध्ये मावत नाही म्हणून आत्ताच काही ठिकाणी बंद ठेवावी लागते. मग कोणी म्हणेल, तर मग आज हायड्रोजन करूच नका ना. तसं नाही. खताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांत आजपासून शिकायला लागू तर दहा-पंधरा वर्षांनी येईल, दीपनगर बंद झाल्यावर शिकायला बसलो तर उशीर झाला. फक्त बसस्टँडच्या होर्डिंगवर हायड्रोजनची कार बघून कोणी हुरळू नका. आणि गळतीकडं लक्ष पाहिजे, हा गॅस इतका बारीक की सांध्यासांध्यातून निसटतो, आणि हवेत गेला की मिथेनला जास्त दिवस टिकवतो, शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या अकरापट त्रास. यावर वेगळं भाषण लागेल. पुढच्या वर्षी बोलवा.

बस. प्रश्न एकच घेता येईल म्हणताहेत. हां, तुम्ही, टोपीवाले आबा. काय? ‘सर, ते जिभाऊंचं किट आता कुठं आहे?’

मला वाटलं तुम्ही अमोनियाचं विचारणार. माळ्यावर आहे आबा. पट्ट्या भंगारवाल्यानं नेल्या, स्टील चांगलं होतं, दीडशे रुपये आले. डायनामो शेजारच्यानं नेला, त्याच्या ट्रॅक्टरला लावला, तो मात्र अजून चालतो. बरणी मायनं धुऊन ठेवली, पण पोटॅशचं पाणी होतं म्हणून तिच्यात कोणी काही भरत नाही. चला, चहा आलाय.